थ्रेड वाढले, पोळपाट तेवढेच

“सर्व्हर मंद चाललाय ना? मग थ्रेड वाढवा.” हा सल्ला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऐकलाय, मुलाखतीला आलेल्या उमेदवारांकडून ऐकलाय, आणि मध्यरात्री सगळी सेवा ठप्प झालेली असताना चांगल्या अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. बहुतेक वेळा तो लगेच अमलात येतो. 50 चे 200 होतात, 200 चे 800, आणि यंत्र सुधारायच्या ऐवजी आणखी जड होतं. मग कुणीतरी म्हणतं, 1600 करून बघू. इथे मला खरोखर राग येतो, कारण उत्तर त्या यंत्रातच लिहिलेलं असतं आणि कुणी ते वाचत नाही.

सल्ल्यामागचं चित्र साधं आहे: थ्रेड म्हणजे कामाला लावलेलं माणूस, माणसं जास्त तितकं काम लवकर. लग्नघरी पोळ्या लाटायला बायका वाढवल्या की पोळ्या लवकर होतात, तसं. पण लग्नघरात पोळपाट किती आहेत हे आधी बघतात. पोळपाट आठ असतील तर एका वेळी आठच जणी लाटणार, बोलावल्या नऊ काय आणि नऊशे काय. प्रोसेसरचे कोअर हे पोळपाट. आठ कोअर असतील तर कुठल्याही क्षणी आठच थ्रेड चालू असतात. बाकीचे एक तर झोपलेले असतात, नाही तर रांगेत उभे.

ती रांग कशी चालते हे एकदा नीट पाहिलं की सल्ला आपोआप ढासळतो. लिनक्स घेऊ, कारण त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. लिनक्सचं कर्नल थ्रेड आणि प्रोसेस असे दोन वेगळे प्राणी मानत नाही. त्याच्या लेखी दोन्ही ‘टास्क’च. एका प्रोग्रामचे थ्रेड मेमरी वाटून घेतात, पण रांगेत प्रत्येकाचा नंबर वेगळा. आणि रांगही सगळ्यांची मिळून एक नसते. प्रत्येक कोअरला स्वतःची रांग असते, तिला रनक्यू म्हणतात. 2.4 मालिकेपर्यंत सगळ्या प्रोसेसरांना एकच रांग होती, आणि पुढचा टास्क उचलताना प्रत्येकाला त्याच एका रांगेचं कुलूप मागावं लागे. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 पासून रांगा वेगळ्या झाल्या. आता कुठली रांग लांबली, कुठली ओस पडली हे कर्नल अधूनमधून तपासतं आणि थ्रेड इकडून तिकडे हलवतं. रिकामा झालेला कोअर तर स्वतःच शेजाऱ्याच्या रांगेतून काम ओढून घेतो.

हे सगळं कोण करतं? बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं की शेड्युलर हा मागे उभा राहून लक्ष ठेवणारा वेगळा मुकादम आहे. तसा कुणी नसतो. शेड्युलर हा कर्नलमधला कोड आहे आणि तो त्याच कोअरवर चालतो ज्यावर तुमचा थ्रेड चालत होता. टायमरचा इंटरप्ट येतो, किंवा थ्रेड डिस्कची वाट बघत झोपतो, किंवा झोपलेला दुसरा एखादा जागा होतो. अशा क्षणी कर्नल ताबा घेतं, पुढचा कोण ते ठरवतं आणि बाजूला होतं. हा वेळ तुमच्याच कामातून वजा होतो.

पुढचा कोण हे ठरवायची रीत काळानुसार बदलली. 2007 साली इंगो मोल्नार यांचा ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’, म्हणजे सीएफएस, कर्नलमध्ये आला. त्याचा नियम असा की ज्याला आतापर्यंत सर्वांत कमी वेळ मिळालाय, त्याची पाळी आधी. 2023 च्या 6.6 आवृत्तीपासून त्या जागी ईईव्हीडीएफ आलं. ते आणलं पीटर झाइल्स्ट्रा यांनी. मूळ कल्पना आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वाहाब यांच्या 1995 च्या लेखातली. त्यात ज्यांचं देणं अजून बाकी आहे अशांमधून, ज्याची मुदत सर्वांत जवळ आलीय त्याला उचलतात. दोन्ही रीती असलेला वेळ न्यायाने वाटतात. नसलेला वेळ कुठलीच रीत निर्माण करू शकत नाही.

आता हिशेब करू. आठ कोअरच्या यंत्रावर सीएफएसची ठरलेली किमान पाळी 3 मिलिसेकंदांची असे. 80 थ्रेड सतत आकडेमोड करत असतील तर प्रत्येक रांगेत 10 जण. एकदा पाळी झाली की पुन्हा नंबर लागायला 27 मिलिसेकंद. थ्रेड 800 केले तर रांगेत 100 जण, आणि दोन पाळ्यांमध्ये 297 मिलिसेकंद. प्रोसेसर तेवढेच राहिले, आणि प्रत्येक ग्राहकाची विनंती मात्र आता दर पाळीनंतर जवळपास सेकंदाचा तिसरा हिस्सा ताटकळते.

शिवाय कामही तेवढंच राहत नाही. ते वाढतं. पुन्हा लग्नघरात चला. आठ जणी लाटतायत, प्रत्येकीच्या हाताशी कणकेचे गोळे आहेत, पिठी आहे, तेल आहे, हात बसलेला आहे. आता ऐंशी जणींना बोलावून नियम केला की दोन पोळ्या झाल्या की उठायचं. उठणारी आपलं सामान आवरणार, बसणारी आपलं मांडणार, आणि तेवढा वेळ पोळपाट रिकामा. कोअरच्या अगदी जवळच्या कॅशमधली माहिती साधारण एका नॅनोसेकंदात हाती येते. तीच मुख्य मेमरीतून आणायची तर शंभरच्या आसपास नॅनोसेकंद जातात. एक थ्रेड उतरवून दुसरा चढवण्यात रजिस्टर जपून ठेवायला लागतो तो वेळ काही मायक्रोसेकंदांचाच, आणि लोक तेवढाच मोजून निश्चिंत होतात. खरी किंमत त्यानंतर भरावी लागते: नव्या थ्रेडला लागणारी माहिती कॅशमध्ये नसते, कारण मधल्या नऊ जणांनी आपापली मांडून ती बाहेर ढकललेली असते. कर्नललाही याची जाण आहे. एखादा थ्रेड गेल्या अर्ध्या मिलिसेकंदात चालून गेला असेल, तर त्याचा संसार अजून त्या कोअरच्या कॅशमध्ये आहे असं लिनक्स धरून चालतं आणि त्याला दुसऱ्या कोअरवर हलवायचं शक्यतो टाळतं.

आणि तवा एकच असेल तर? प्रोग्राममध्ये सगळ्या थ्रेडना एकाच लॉकमधून जावं लागत असेल तर तो हा तवा. ऐंशी जणी लाटून पोळ्या हातात धरून उभ्या, भाजायला जागा एक. जीन ॲम्डाल यांनी 1967 सालीच हा मुद्दा मांडला होता. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागणारा असला, तरी आठ कोअरवर वेग फार तर 4.7 पट होतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहापटीच्या पुढे कधीच जात नाही.

मग थ्रेड वाढवल्याने खरंच फायदा झालेला लोकांनी पाहिलाय, तो खोटा का? खोटा नाही. तो वेगळ्या कामाचा आहे. वेबसर्व्हरचा थ्रेड बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत झोपलेला असतो, आणि झोपलेला थ्रेड रांगेत नसतो. ब्रायन गेट्झ यांच्या 2006 च्या जावावरच्या पुस्तकात यासाठी साधं सूत्र आहे: वाट बघण्याचा वेळ भागिले काम करण्याचा वेळ, त्यात एक मिळवा, आणि प्रोसेसर पूर्ण वापरायचे असतील तर कोअरच्या संख्येने गुणा. 45 मिलिसेकंद वाट आणि 5 मिलिसेकंद काम असेल तर आठ कोअरना 80 थ्रेड शोभतात. तेच 80 थ्रेड चित्रांचा आकार बदलण्याच्या कामाला लावले तर वाट शून्य, म्हणून उत्तर आठ. तरीही लोक एका कामाचा आकडा उचलून दुसऱ्याला चिकटवतात. टॉमकॅट या वेबसर्व्हरमध्ये थ्रेडची कमाल संख्या मुळात 200 असते. ती कुणा तज्ज्ञाने आपल्याच यंत्रासाठी सुचवलीय अशा श्रद्धेने जपली जाते. तुमचा डेटाबेस किती मिलिसेकंदांत उत्तर देतो हे त्या 200 ला माहीत नाही.

“पण गो भाषेत लाखभर गोरुटीन आरामात चालतात,” हा पुढचा प्रश्न ठरलेला. चालतात, कारण कर्नलला ते दिसतच नाहीत. गोचं रनटाइम मोजक्या खऱ्या थ्रेडवर त्यांना आळीपाळीने बसवतं, आणि एका वेळी गोचा कोड चालवणारे थ्रेड 2015 च्या 1.5 आवृत्तीपासून कोअरच्या संख्येइतकेच ठेवतं. जावा 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड याच वाटेने जातात. म्हणजे ज्यांचं उदाहरण थ्रेड वाढवण्यासाठी दिलं जातं, त्यांनी कर्नलपुढची गर्दी कमीच केलीय.

या गैरसमजाचं सर्वांत महागडं रूप सध्या कंटेनरमध्ये दिसतं. यंत्र 64 कोअरचं आहे, तुमच्या कंटेनरला दोन कोअरची मर्यादा आहे. ही मर्यादा कर्नल कोअर वेगळे काढून पाळत नाही; ते वेळेचा कोटा देतं: दर 100 मिलिसेकंदांत मिळून 200 मिलिसेकंद. प्रोग्राम यंत्राकडे बघतो, 64 मोजतो, 64 थ्रेड उभे करतो. सगळे एकदम धावले तर 200 भागिले 64, म्हणजे 3.1 मिलिसेकंदांत कोटा संपला. उरलेले जवळपास 97 मिलिसेकंद सगळेच्या सगळे गोठलेले. अशा झटक्यांच्या मधे काम नसेल तर प्रोसेसरचा सरासरी वापर कमीच दिसतो, विनंत्या मात्र अडकतात, आणि मग पुन्हा तेच: थ्रेड वाढवा! जावा 2018 च्या दहाव्या आवृत्तीपासून कंटेनरची मर्यादा वाचते. गोच्या रनटाइमने हे 2025 च्या 1.25 मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनी हा आकडा हाताने लिहायलाच हवा.

बाकीचे समज थोडक्यात. ‘नाइस’ची किंमत उणे 20 केली की प्रोग्राम धावतो म्हणतात; नाइस फक्त स्पर्धा असेल तेव्हाची वाटणी बदलतं, रांगेत तुम्ही एकटेच असाल तर पूर्ण कोअर आधीच तुमचा आहे. लोड ॲव्हरेज 40 म्हणजे प्रोसेसर भरले, असंही नाही. लिनक्स त्यात डिस्कसारख्या गोष्टींसाठी अखंड झोपेत अडकलेले टास्कही मोजतं; ब्रेंडन ग्रेग यांनी 2017 मध्ये शोध घेऊन हा बदल 1993 च्या एका पॅचपर्यंत नेऊन दाखवला. हायपरथ्रेडिंगमुळे कोअर दुप्पट होत नाहीत. एकाच पोळपाटावर दोघी बसतात, आणि 2002 साली ते आणताना इंटेलचा स्वतःचा दावाही 30 टक्क्यांपर्यंतचाच होता. फोनचे आठ कोअर तर बहुधा सारखेही नसतात. काही ताकदीचे, काही बॅटरी वाचवणारे. कुठला थ्रेड कुठे टाकला तर वीज कमी लागेल याचा विचार करणारा कोड लिनक्समध्ये 2019 च्या 5.0 आवृत्तीत आला. पायथनमध्ये नेहमीच्या सीपायथनवर एका सामाईक कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या सूचना चालवतो, तेव्हा आकडेमोडीसाठी तिथे थ्रेड वाढवणं व्यर्थ आहे. ते कुलूप काढलेली प्रायोगिक आवृत्ती 2024 च्या 3.13 बरोबर मिळू लागली.

प्राधान्य सर्वोच्च दिलं की काम अडत नाही, या समजुतीला मात्र मंगळावरचं उत्तर आहे. 1997 साली पाथफाइंडर यान तिथे उतरल्यावर त्याचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. उच्च प्राधान्याचं एक काम ज्या लॉकची वाट बघत होतं, तो लॉक हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाकडे होता, आणि मधल्या प्राधान्याची कामं त्या बिचाऱ्याला पुढे सरकूच देत नव्हती. लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची सोय त्या यंत्रणेत होती, पण बंद ठेवलेली होती. ती पृथ्वीवरून चालू केल्यावर रीसेट थांबले.

शेड्युलर चुकत नाही, असंही मी म्हणणार नाही. 2016 च्या युरोसिस परिषदेत ज्याँ-पिएर लोझी, अलेक्झांड्रा फेदोरोवा आणि सहकाऱ्यांनी लिनक्सच्या शेड्युलरमधल्या चार चुका दाखवल्या. रांगेत थ्रेड तयार असताना काही कोअर सेकंद-सेकंद रिकामे बसत होते, आणि एका प्रचलित व्यावसायिक डेटाबेसचं काम त्यामुळे 14 ते 23 टक्क्यांनी घटत होतं. पण त्यांना हे कळलं ते कुठला कोअर केव्हा काय करतोय हे क्षणाक्षणाला टिपून, चित्र काढून.

तुम्हालाही बघता येतं, आणि त्याला दोन मिनिटं लागतात. व्हीएमस्टॅट चालवा आणि ‘आर’ हा स्तंभ बघा: चालू असलेले आणि रांगेतले मिळून किती, ते तो सांगतो. तो सतत कोअरच्या संख्येपेक्षा बराच वर असेल तर थ्रेड कमी करा. मग प्रॉक फाइलप्रणालीत त्या थ्रेडची स्टेटस फाइल उघडा. तिथे शेवटाकडे दोन आकडे असतात, स्वतःहून सोडलेल्या पाळ्या आणि मनाविरुद्ध काढून घेतलेल्या पाळ्या. दुसरा आकडा झपाट्याने चढत असेल तर थ्रेड एकमेकांना पोळपाटावरून उठवतायत. ‘आर’ कमी आहे, तरी विनंत्या अडतायत, तर आधी कंटेनरच्या सीपीयू-स्टॅट फाइलमध्ये ‘थ्रॉटल्ड’चा आकडा वाढतोय का ते बघा. तोही स्थिर असेल, तर लॉक नाही तर डेटाबेस. शोध तिथे घ्या, आणि तो लागेपर्यंत थ्रेडच्या आकड्याला हात लावू नका.