लस घेतल्यावर समारंभास जावें काय?

करोनाची लस आपल्या देशांत १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झाली. प्रथम रुग्णालयांतील सेवकवर्ग, १ मार्चपासून साठी उलटलेले, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा तो क्रम होता. आरंभीं जो तो विचारी, लस घ्यावी कीं न घ्यावी? पावसाळा लागला आणि प्रश्न पालटला. चिंचपोकळीच्या आमच्या चाळींत जिन्यावर, नळावर, वाण्याच्या दुकानांत जो भेटे तो म्हणे, "मास्तर, दोन्ही डोस झाले. आतां बारशाला जायला हरकत नाहीं ना?" मी वैद्य नव्हे, चौथीच्या मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु या प्रश्नांत वैद्यकाइतकाच हिशेब आहे, आणि हिशेबाइतकींच नातींगोतीं आहेत, म्हणून त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

प्रथम लस काय करते तें पाहूं. दंडांत टोंचलेली लस रक्तांत प्रतिकारक द्रव्यें निर्माण करते आणि पुढें विषाणु शिरला तर त्याला ओळखणाऱ्या पेशी तयार ठेवते. या तयारीस दुसऱ्या डोसानंतर सुमारें दोन आठवडे लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्य लोकांस लोकलगाडी खुली करतांना सरकारनें दुसऱ्या डोसावर चवदा दिवस लोटल्याची अट घातली ती याच कारणानें. पण विषाणु प्रथम उतरतो तो नाकाघशाच्या अस्तरावर, आणि तेथें दंडांतल्या लशीचा पहारा बराच विरळ असतो. म्हणून लस घेतलेल्याच्या नाकांतही विषाणु कांहीं दिवस वस्ती करूं शकतो. त्याला स्वतःला सर्दीपलीकडे कांहीं जाणवत नाहीं, पण शेजारीं बसलेल्याला तो प्रसाद मिळतो! शिवाय हा विरळ पहाराही कांहीं महिन्यांत आणखी ओसरतो. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला तेव्हां दोन-दोन डोस घेतलेलीं घरेंच्या घरें एका आठवड्यांत खोकूं लागलीं. मात्र त्यांपैकीं बहुतेक माणसें घरींच बरीं झालीं.

"लस घेतलेलेच रुग्णालयांत आहेत, मग तिचा उपयोग काय?" असें म्हणणारे त्या काळीं पुष्कळ भेटत. त्यांच्यासाठीं मी पाटीवर एक उदाहरण मांडून दाखवीत असें. समजा, एका वस्तींत एक हजार माणसें आहेत. नऊशांनीं लस घेतली, शंभरांनीं घेतली नाहीं. न घेतलेल्या शंभरांपैकीं दहांना रुग्णालयांत जावें लागलें. घेतलेल्यांत तेंच प्रमाण शेंकडा दोन धरूं; म्हणजे नऊशांत अठरा. आतां केवळ खाटा मोजणाऱ्याला अठ्ठावीस रुग्णांत अठरा लसवाले दिसतील. परंतु लस नसलेल्याला भय दहांत एक, आणि असलेल्याला पन्नासांत एक. हा पांचपट फरक त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. हे आंकडे समजुतीसाठीं मी मनानें घेतले आहेत; खरे आंकडे विषाणूच्या प्रकाराप्रमाणें आणि वयाप्रमाणें पालटत. पण उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पन्नासांत एक म्हणजे शून्य नव्हे. आणि तो पन्नासावा मनुष्य कांहीं चिठ्ठ्या टाकून निघत नाहीं. तो बहुधा घरांतला सर्वांत वृद्ध, मधुमेहानें किंवा मूत्रपिंडाच्या विकारानें आधींच खचलेला असतो. तो कोण, हें घरांतल्या सर्वांना पूर्वींच ठाऊक असतें.

ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या शेजारच्या भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनीं आपखुषीनें लस घेतली, बाकीच्यांनीं घेतली नाहीं. अन्न तेंच, जागा तीच. टोंचलेल्यांत रोग फार कमी झाला, पण मुळींच झाला नाहीं असें नव्हे. पुढें १८९९ त हाफकिनांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली, ती आजतागायत तेथेंच आहे. आर्थर रोडच्या ज्या रुग्णालयांत प्लेगचे रोगी नेत, त्याच आतांच्या कस्तुरबा रुग्णालयांत मार्च २०२० मध्यें मुंबईचे पहिले करोनाचे रोगी ठेवले गेले. भायखळा आणि परळ यांच्या मधोमध राहणाऱ्या आम्हां चिंचपोकळीकरांना, लस हें चिलखत आहे, अमरपट्टा नव्हे, हें निराळें शिकविण्याची गरज पडूं नये, पण पडते.

आतां समारंभाकडे वळूं. हा विषाणु मुख्यतः श्वासाबरोबर हवेंत तरंगतो. मोठ्यानें बोललें, गाइलें, ओरडलें म्हणजे तो अधिक बाहेर पडतो. आणि बंद खोलींत धुरासारखा सांचत जातो. दहा बाय बाराच्या खोलींत पंचवीस माणसें कोंबून टाळ्यांच्या गजरांत म्हटलेली आरती आणि त्याच माणसांनीं गॅलरींत उभें राहून घेतलेलें दर्शन, या दोहोंत फार अंतर आहे. जुन्या चाळींच्या गॅलरीची आम्हीं फार निंदा केली, पण २०२१ त तिच्याइतकी चांगली बैठकीची जागा अनेक वातानुकूलित इमारतींत नव्हती. जेवण हें सर्वांत धोक्याचें, कारण तेव्हां मुखपट्टी उतरते आणि गप्पा रंगतात. संख्येचाही असाच प्रकार. शंभरांत एक मनुष्य नकळत विषाणु बाळगून असेल असें धरलें, तर दहा जणांच्या बारशांत असा कोणी निघण्याचा संभव शेंकडा दहाच्या आंत, पन्नासांच्या साखरपुड्यांत चाळिसांच्या आसपास, आणि शंभरांच्या लग्नांत त्रेसष्ट. एप्रिल २०२१ त सरकारनें लग्नास पंचवीस माणसें आणि दोन तास एवढीच मुभा दिली, ऑगस्टांत ती सभागृहांत शंभरांपर्यंत वाढविली. त्या सप्टेंबरांत मंडपांत जाऊन गणपतीचें दर्शन घेण्यास मनाई केली. १९२० सालीं स्थापन झालेल्या आमच्या चिंचपोकळीच्या मंडळाच्या चिंतामणीच्या आगमनास एरव्हीं मुंगीला वाट मिळत नाहीं. त्या वर्षीं तो रस्ता ओकाओका दिसे. लोक कुरकुरले, पण हिशेब सरकारच्या बाजूचा होता.

येथवर सर्व सोपें आहे. अवघड तें पुढें. आमच्या मजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या शरीरांत दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेलें आहे. परकें मूत्रपिंड शरीरानें झिडकारूं नये म्हणून त्यांना रोज जें औषध घ्यावें लागतें, तेंच औषध लशीनें जागी करावयाची प्रतिकारशक्ति निजवून ठेवतें. दोन्ही डोस घेऊनही, "तुमच्या लशीवर फार विसंबूं नका," असें डॉक्टरांनीं त्यांना बजावलें होतें. नोव्हेंबर २०२१ त त्यांच्या सख्ख्या भाचीचें लग्न दादरच्या एका कार्यालयांत ठरलें. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? आणि मामा आला नाहीं तर लोक काय म्हणतील? आठ दिवस त्या गृहस्थांना झोंप नव्हती. जावें तर जिवाचें भय. न जावें तर बहिणीचें तोंड कसें पाहावें?

कोंडी फोडली ती त्यांच्या लालबागच्या बहिणीनें. तिनें फोन करून सांगितलें, "दादा, तूं आला नाहींस तरी मी मनांत कांहीं धरणार नाहीं. आलास तर मंगलाष्टकांपुरता ये आणि जेवायला थांबूं नकोस." मग पुढची सर्व योजना सरळ झाली. मुलीच्या वडिलांनीं व्यवस्थापकाशीं हुज्जत घालून वातानुकूलन बंद करविलें आणि खिडक्या उघडविल्या. मामा घट्ट मुखपट्टी बांधून ऐन मुहूर्तावर आले, भाचीला बोहल्यावर घेऊन गेले, अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्या मागें उभे राहिले, आणि अक्षता पडतांच टॅक्सीच्या कांचा खालीं करून घरीं परतले. वराकडील एका वडीलधाऱ्या बाईंनीं, "मामा जेवले नाहींत, कांहीं बिनसलें वाटतें," म्हणून नाक मुरडलेंच. वधूमाय हंसून म्हणाली, "कांहीं बिनसूं नये म्हणूनच जेवले नाहींत, काकू." रात्रीं जिलबी-मठ्ठ्याचा डबा चाळींत पोंचला.

मी त्या लग्नास गेलों आणि पंगतींत यथेच्छ जेवलों. माझ्या घरीं आम्हीं दोघेंच, दोघांचेही डोस पुरे झालेले आणि प्रकृति धडधाकट. माझ्यापुरता धोका बेताचा होता. पण माझा दरवाजा त्या गृहस्थांच्या दरवाज्याला लागून आहे. म्हणून पुढील पांच दिवस मी त्यांच्याशीं गॅलरीच्या दुसऱ्या टोंकावरून बोललों. श्रोतेहो, समारंभास जाणारा मनुष्य एकटा जात नाहीं. परत येतांना तो ज्यांच्याबरोबर राहतो त्या सर्वांना तेथें नेऊन आणतो. ज्या घरांत अशक्त वृद्ध आहे, किंवा लहान मूल आहे, त्या घराचा हिशेब धडधाकट घराहून निराळा असावयास हवा. १५ ते १८ वर्षांच्या मुलांस लस मिळूं लागली तीच मुळीं ३ जानेवारी २०२२ पासून. त्या दिवाळींत फराळास घरोघर गेलेल्या नातवंडांच्या अंगीं लशीचें संरक्षण नव्हतें. मुलांना स्वतःला सहसा फारसा त्रास होत नसे. तीं घरीं आजीच्या मांडीवर बसत.

१ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रांतले निर्बंध उठले, आणि त्या ऑगस्टांत चिंतामणीच्या आगमनास दोन वर्षांची तूट भरून काढणारी गर्दी लोटली. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. बहुतेकांच्या अंगीं आतां लस आणि प्रत्यक्ष रोग या दोहोंची मिळून प्रतिकारशक्ति आलेली आहे. निरोगी मनुष्यानें पत्रिका हातीं घेऊन गणित मांडीत बसण्याचें आज कारण नाहीं. परंतु मूत्रपिंड बसविलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, असे आप्त आपल्या प्रत्येकाच्या गोतावळ्यांत आहेत. त्यांना करोनाप्रमाणेंच साध्या इन्फ्लुएंझाचेंही भय आहे, आणि त्यांचा प्रश्न अजून २०२१ चाच आहे. तेव्हां घरीं कार्य निघालें तर अशांना पत्रिकेखेरीज फोन करावा. मुख्य विधि किती वाजतां, जेवणें किती वाजतां, कार्यालयाच्या खिडक्या उघडतात कीं नाहीं, हें आधींच सांगावें, आणि न आल्यास राग नाहीं हें त्यांनीं विचारण्यापूर्वीं सांगावें. ज्याच्या घरीं त्या आठवड्यांत ताप-खोकला आहे, त्यानें आहेर दुसऱ्याच्या हातीं धाडून द्यावा.