अर्धवाहकातील सोन्याची टिकली

जालना जिल्ह्यातील केदारखेड्याच्या शेतकऱ्याचा सात-बारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. आता तो मोबाइलवर पाहता येतो. अशा प्रचंड नोंदी साठवणाऱ्या संगणक केंद्रांत आजही हार्ड डिस्क मोठ्या प्रमाणावर वापरतात. या चकतीवर ना शाई असते, ना अक्षरे. असतात ती केवळ अतिसूक्ष्म चुंबके. मग ती वाचायची कशी?

वेटोळ्याची अडचण

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली चुंबकीय चकती बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. चकती फिरली की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होई. हे फॅरडेचे प्रवर्तन तुम्ही शिकला आहात. परंतु हा दाब चुंबकीय क्षेत्र किती वेगाने बदलते यावर अवलंबून असतो. चकत्या लहान झाल्या, कडेचा वेग घटला, चुंबकेही बारीक झाली. आणि वेटोळ्याला मिळणारा संदेश क्षीण होत गेला.

आज एका चौरस इंचात सुमारे १ लाख कोटी बिट लिहिता येतात. हिशेब करून पाहा : एका बिटच्या वाट्याला जेमतेम २५ नॅनोमीटर लांब-रुंद जागा येते. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो!

रोध बदलतो

यावरचा उपाय जुन्याच शोधात दडलेला होता. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचा विद्युत्‌रोध किंचित बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांना १८५६ साली आढळले. यालाच चुंबकरोध म्हणतात. यात क्षेत्र बदलण्याचा वेग महत्त्वाचा नसतो. क्षेत्र आहे एवढे पुरे. १९९१ साली असे वाचक हेड हार्ड डिस्कमध्ये आले. १९८८ साली आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग यांनी लोह आणि क्रोमियम यांच्या पातळ थरांत याहून बराच मोठा परिणाम शोधला. १९९७ साली तोही डिस्कमध्ये आला आणि २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सोन्याची टिकली काय करते?

या साऱ्या हेडमध्ये लोहचुंबकीय धातू असतात. उष्णतेमुळे त्यांचे स्वतःचे चुंबकत्व थरथरते आणि संदेशात गोंगाट मिसळतो. मग अचुंबकीय पदार्थच का वापरू नये?

इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा सुमारे ५० पट चपळ असतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना बाजूला ढकलते. मात्र साध्या पट्टीत ते एका कडेला साचतात, त्यांच्या प्रभारामुळे उलट दिशेचे बल निर्माण होते आणि पुढचे इलेक्ट्रॉन पुन्हा जवळजवळ सरळ जातात. हाच हॉल परिणाम. त्यामुळे रोध फारसा वाढत नाही.

२००० साली अमेरिकेत स्टुअर्ट सोलिन व सहकाऱ्यांनी या अर्धवाहकाच्या चकतीत मधोमध सोन्याची टिकली बसवली. क्षेत्र नसताना प्रवाह सोन्यातून सहज जातो. क्षेत्र लावताच इलेक्ट्रॉनांची वाट वळते. ते सोन्यात न शिरता त्याच्या कडेकडेने जातात. अरुंद गल्लीच्या मध्ये मोकळे मैदान असावे आणि त्याची फाटकेच बंद व्हावीत, तसे हे झाले. साऱ्या गर्दीला भिंतीलगतच्या चिंचोळ्या वाटेने जावे लागते. रोध एकदम वाढतो.

किती वाढला? नेहमीच्या तापमानाला ०.०५ टेस्ला क्षेत्रात १०० टक्के, म्हणजे दुप्पट झाला. ४ टेस्लात ७,५०,००० टक्के!

मग हे हेड डिस्कमध्ये का नाही?

मोठा आकडा पाहून भुलू नका. ४ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे एक लाख पट. चकतीवरील बिटचे क्षेत्र याच्या जवळपासही नसते. दुसरे असे, की हेड काही दहा नॅनोमीटरचे केले, तर इलेक्ट्रॉन मध्ये कोठेही न आदळता थेट पलीकडे जातात आणि परिणाम घटतो. शिवाय बिटचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. म्हणून संवेदक चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर हवा. पण अर्धवाहकाचा काम करणारा थर संरक्षक थरांखाली असतो. आजच्या डिस्कमध्ये दोन चुंबकीय थरांमध्ये सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा विसंवाहक थर असलेले हेड वापरतात. अर्धवाहकाचे चुंबकीय संवेदक मात्र मोटारींमध्ये चाकांची गती आणि स्थान मोजतात.

करून पहा

अनेक मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय संवेदक असतो. चुंबकीय क्षेत्र मोजणारे ॲप घ्या. एकटा मोबाइल ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दाखवील. ते पृथ्वीचे क्षेत्र. मोबाइल जागचा न हलवता एक लहान चुंबक संवेदकापासून १० सेंटिमीटरवर आणि मग त्याच दिशेने २० सेंटिमीटरवर धरा. पृथ्वीचे क्षेत्र दोन्ही वेळा वजा करायचे. पण त्यालाही दिशा असते, म्हणून तिन्ही अक्षांवरचे आकडे वेगवेगळे वजा करा. अंतर दुप्पट केले, की चुंबकाचे क्षेत्र सुमारे एक-अष्टमांश होते. तुमचे उत्तर याच्या किती जवळ येते? आले, तर हेड चकतीला इतके खेटून का फिरते, हे निराळे सांगावे लागणार नाही.