टर्की, तितर आणि माळरानाचा हिशेब

अमेरिकेत दर वसंत ऋतूत लाखो माणसे पहाटेच्या अंधारात एखाद्या झाडाला पाठ टेकून बसतात आणि लाकडी डबीवर पट्टी घासून किंवा टाळूला चिकटवलेल्या पातळ पडद्यातून फुंकर घालून टर्कीच्या मादीचा आवाज काढतात. नर भुलला तर पिसारा फुलवून, मान फुगवून समोर येतो. मग बंदूक चालते. या वसंतातल्या शिकारीत दाढीसारखा पिसांचा झुबका असलेला पक्षी, म्हणजे बहुधा नरच, मारायचा. माद्यांना त्या दिवसांत हात लावायचा नाही. एका माणसाने किती पक्षी मारायचे, कोणत्या तारखांना मारायचे हे प्रत्येक राज्य ठरवते, आणि बहुतेक राज्यांत मारलेल्या पक्ष्याची नोंद सरकारकडे करावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत हा पक्षी सबंध देशात फार तर दोन लाख उरला होता. त्याच शतकाच्या अखेरीस ही संख्या साठ लाखांच्या घरात गेली. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात एवढे मोठे यश क्वचितच सापडते, आणि शिकारीची बाजू घेणारे आपल्याकडचे लोकही अधूनमधून त्याचा दाखला देतात. शिकारी असतात म्हणून रान टिकते, असे त्यांचे म्हणणे. साताऱ्या-सांगलीच्या माळावर हा दाखला लावून पाहिला तर तो अर्धा खरा ठरतो, आणि त्यातला खरा अर्धाच आपण आजवर घेतलेला नाही.

टर्की परत आली ती बंदुकीमुळे आली असे म्हणण्यापेक्षा बंदुकीवर बसवलेल्या करामुळे आली असे म्हणणे सत्याच्या जवळ जाते. १९३७ साली अमेरिकी संसदेने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. शिकार परवान्याची फी दुसरीकडे खर्चायची नाही, ही अटही त्याच कायद्याने घातली. पैसा आला म्हणून लगेच पक्षी आला असेही झाले नाही. आधी अनेक राज्यांनी खुराड्यात वाढवलेल्या टर्की जंगलात सोडून पाहिल्या. त्या रानात टिकल्या नाहीत. आईकडून कोल्ह्याची भीती शिकलेल्याच नव्हत्या. मग १९५१ साली दक्षिण कॅरोलिनात रानटी पक्ष्यांवर तोफेच्या बारुदाने जाळे उडवून त्यांना जिवंत पकडण्याचा प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढची काही दशके एका राज्यातले रानटी थवे पकडून दुसऱ्या राज्यात सोडण्याचे काम चालले. दरम्यान शेती सोडून दिलेल्या जमिनींवर पुन्हा जंगल उगवत होते, त्याचाही वाटा मोठा होता. १९७३ साली शिकाऱ्यांनी राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन केला आणि वर्गणीतून आणखी पैसा उभा राहिला. कर, गणना, मोकळी जागा आणि मर्यादेत मारण्याची शिस्त या चार गोष्टी एकत्र आल्या. यातली शिकार तेवढी उचलून आणली तर हाती काय लागेल, हा प्रश्न विचारायला हवा.

आवाजाने नराला भुलवण्याची कला आपल्याला परकी नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात फासेपारधी पिंजऱ्यातला शिकवलेला तितर माळावर नेऊन ठेवत. तो ओरडला की त्या भागाचा मालक असलेला रानटी नर भांडायला धावून येई आणि भोवती लावलेल्या घोड्याच्या केसांच्या फाशात पाय अडकवून घेई. टर्कीचा शिकारी नराच्या प्रेमावर जुगार खेळतो, पारधी त्याच्या अहंकारावर. पक्ष्याच्या स्वभावाचे ज्ञान दोन्हीकडे सारखेच बारीक आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास करून १९८०च्या दशकात मांडले की फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू यांनी शिकार आपसात वाटून घेतल्यासारखी होती. फासेपारध्यांचे फासे हरणांना आणि तितर-लाव्यांना, नंदीवाल्यांचे कुत्रे रानडुकरांना आणि घोरपडींना, वैदूंचे सापळे लहान मांसाहारी प्राण्यांना. फाशात अडकलेले पाडस किंवा गाभण मादी पारधी सोडून देत, हेही गाडगिळांनी नोंदवले आहे. म्हणजे वसंतात मादी न मारण्याचा जो नियम अमेरिकेने कायद्याने बसवला, त्याच्याच जातीची एक रीत इथे कोणी न लिहिता चालत होती. पण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची झळ पारध्यांना लागली आणि १९५२ साली तो शिक्का पुसला गेल्यावरही गावाची नजर बदलली नाही. रीत सांभाळणाऱ्यालाच चोर ठरवले, तर रीत कुठून टिकणार?

दुसरी शिकार संस्थानिकांची आणि साहेबांची. ती बंदुकीची, हाकाऱ्यांची आणि फोटोची. तिच्या बाजूने एक भक्कम पुरावा दिला जातो: कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान टिकले, म्हणूनच १९५८ साली तिथे गव्यांचे अभयारण्य होऊ शकले. हे खरे आहे. पण तिथे जे टिकले ते राखून ठेवलेल्या जमिनीमुळे, आणि ती राखण्याची किंमत रानालगतच्या गावांनी मोजली. जिथे रान राखलेले नव्हते आणि फक्त बंदूक होती, तिथे काय झाले ते माळढोकाला विचारावे. दख्खनच्या पठारावरचा हा सर्वांत थोर पक्षी. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते, आणि विणीच्या दिवसांत तो गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट उभारून असा घुमतो की टर्कीच्या नराची आठवण व्हावी. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या काळात मॅन्सफिल्ड नावाच्या एकाच इंग्रजाने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. माळढोकाची मादी बहुधा एकच. वर्षाला एक अंडे देणाऱ्या पक्ष्याला ‘मर्यादित शिकार’ ही कल्पनाच लागू पडत नाही. आज जगात शंभर-दीडशे माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्याजवळच्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात तर नावापुरते.

तेव्हा शिकारीवरची बंदी योग्यच होती. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला, १९७२ साली केंद्राचा कायदा आला, त्यातही सुरुवातीला शिकार परवान्यांची तरतूद होती आणि १९९१च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फास लावणे, हाकारणे, अंडी उचलणे हेही त्यात येते. या बंदीने मोर वाचले, चांदोली-कोयनेच्या जंगलात गवे आणि सांबर वाचले. माझी तक्रार बंदीविषयी नाही, बंदीवर सगळे भागले असे मानण्याविषयी आहे. कारण माळावरच्या पक्ष्यांचा शत्रू आता बंदूक नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले कुसळीचे गवत, मुरमाड टेकड्या, ओढ्याकाठची बाभळ, मेंढरांची वाट हे त्यांचे घर. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आले आणि ज्या जमिनीत बाजरी-मटकीही धड येत नसे तिथे ऊस, डाळिंब, द्राक्षे उभी राहिली. दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या पिळलेल्या आटपाडीच्या शेतकऱ्याला हे पाणी नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही, पक्षिमित्रांना तर नाहीच. पण त्याच सपाट्यात गायराने नांगरली गेली, टेकड्यांवर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते आले, आणि उरलेल्या गवताळ जमिनीला ‘पडीक’ म्हणून वनखात्यानेही खड्डे काढून झाडे लावली. गवतच ज्याचे जंगल आहे त्या तितराला तिथे झाड लावणे म्हणजे घर पाडणेच. यातल्या एकाही गोष्टीला वन्यजीव कायद्याने शिकार म्हटलेले नाही.

इथे शिकारवादी म्हणतील, मग अमेरिकेसारखे करा: तितर-लाव्यांचे परवाने द्या, फी घ्या, त्या पैशातून गवत राखा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली सुरू झाली ती शिकारीची हौस असलेल्या मंडळींकडूनच, आणि सालीम अलींना पक्ष्यांचे वेड लागले ते त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन फिरले आणि पुढे रेखाटनाची वही घेऊन जंगलात बसले. शिकाऱ्याची नजर वाया जात नाही. तरीही हिशेब जुळत नाही. अमेरिकेत कोट्यवधी बंदुका आहेत, म्हणून त्यांच्यावरचा कर मोठा होतो. इथे बंदुकीचा परवाना मूठभरांकडे, त्यातला शिकारीचा शौकीन आणखी थोडा. तितराच्या फीमधून एका गायरानाचे कुंपणही व्हायचे नाही. तिथे मैलच्या मैल मोकळे सार्वजनिक जंगल आहे. इथे प्रत्येक टेकडीच्या पलीकडे वस्ती आणि मेंढपाळ आहे. परवाना मिळेल तो बंगलेवाल्याला, तितर ओळखणाऱ्या पारध्याला नव्हे, हा आपल्या इतिहासाचा सरळ अंदाज आहे. आणि गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेतही आग्नेयेकडच्या राज्यांत गेल्या काही वर्षांत टर्की पुन्हा घटते आहे. परवाने तेच, कर तोच, पण पिले जगण्याचे प्रमाण उतरले.

दुसरा आक्षेप परंपरेचा. तो या भागात सर्वांत मोठ्याने ऐकू आला तो बत्तीस शिराळ्याला. नागपंचमीला जिवंत नाग पकडायचे, पूजायचे, मिरवायचे, आणि नंतर सोडून द्यायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ही मिरवणूक थांबली तेव्हा गावाचे म्हणणे होते की आम्ही मारत तर नाही. २०२५ साली केंद्र सरकारने शिक्षण आणि संशोधनाच्या तरतुदीखाली २१ नाग पकडायला परवानगी दिली, मिरवायला नाही. यावर दोन्ही बाजू पूर्ण समाधानी नाहीत. पण परंपरेकडे पाहण्याची एक वाट त्यातून दिसते. तिच्यातले ज्ञान ठेवायचे, तमाशा वगळायचा, आणि किती, केव्हा, कोणी हे लिहून ठेवायचे. पारध्याच्या तितराबाबत असा विचार कोणी केलेला नाही, कारण पारध्याच्या मागे गाव उभे राहत नाही. परंपरेचा मान कोणाच्या परंपरेला मिळतो, हेही त्यातून कळते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सागरेश्वरचे उदाहरण घ्या. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभे राहिलेले, १९८५ साली अभयारण्य झालेले, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे हे मानवनिर्मित रान. चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले, ते वाढले, आणि कुंपणाबाहेर येऊन ऊस-द्राक्षांत शिरू लागले. पलीकडे शिराळा-पाटणच्या डोंगरकपारीत रानडुकरे भुईमूग उकरतात. सरकारने नुकसानभरपाई ठेवली आहे, पिकांचे नुकसान करणारे रानडुक्कर परवानगीने मारण्याची वाटही ठेवली आहे; पंचनामे आणि खेटे यांत दोन्ही अडकतात. शेतकरी विचारतो, प्राणी सगळ्यांचा तर तोटा माझ्या एकट्याचा का? याला ‘निसर्गप्रेम’ हे उत्तर नाही. टर्कीच्या गोष्टीतला खरा अर्धा भाग इथेच आहे: ज्याला पक्षी हवा त्याने पैसे मोजावेत, आणि ते पैसे पक्षी जिथे राहतो तिथे पोचावेत. अमेरिकेत ‘ज्याला पक्षी हवा’ तो शिकारी होता. आपल्याकडे तो शिकारी नसेल; पवनचक्कीची कंपनी असू शकते, उपशाच्या पाण्यावर वाढलेला साखर कारखाना असू शकतो, पुण्याहून कॅमेरा घेऊन येणारा हौशीही असू शकतो. कर कोणावर बसवायचा हे बदलेल, कर बसवण्याचे कारण बदलत नाही.

आणि गणना. साताऱ्या-सांगलीच्या कोणत्या गायरानात किती तितर आहेत, हे गावागावाने सांगता यायला हवे. जैवविविधता कायद्याने २००२ पासून प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकनोंदवही सांगितली आहे. १९७२च्या कायद्यातही आता सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. तितर मोजायला महाग यंत्र लागत नाही. विणीच्या दिवसांत पहाटे ठरावीक ठिकाणी थांबून नरांची साद ऐकायची आणि लिहायची. टर्की मोजण्याची एक पद्धतही हीच आहे. हे काम करायला माळ पायाखाली घातलेला, दूरच्या सादेवरून नर कोणत्या बांधाआड आहे ते सांगणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस पारधी पालात आजही मिळेल. विदर्भात अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर या पक्ष्याच्या गवताळ रानांचे काम केले आहे. माणदेशात तसे करायचे तर पहिली अडचण पैशाची येणार नाही. त्या नोंदवहीवर पारध्याचे नाव गणक म्हणून लिहायला आणि त्याचा रोज हातावर ठेवायला ग्रामसभेला तयार करावे लागेल, आणि त्यासाठी आधी त्याच्या पालाला गावात जागा द्यावी लागेल.