चूक प्रोग्रामची की बांधणीची?

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातला बंधारा आहे. पावसाळ्यात तो भरला की पाणी दोन वाटांनी खाली कोसळते. हाच प्रसिद्ध नर-मादी धबधबा. समजा, एखाद्या वर्षी तो वाहिलाच नाही, तर आपण दुरुस्तीसाठी गवंडी बोलावणार नाही. आधी बंधाऱ्यात पाणी किती आहे ते पाहू, मग वरच्या अंगाला पाऊस झाला का ते विचारू. परिणाम खाली दिसतो, पण कारण वर असते. संगणकाच्या प्रोग्रामची चाचणी घेतानाही हे ध्यानात ठेवावे लागते.

मोठा प्रोग्राम अनेक फायलींत लिहिलेला असतो. प्रत्येक फायलीचे यंत्राला समजेल असे भाषांतर करायचे आणि ते तुकडे जोडायचे, या कामाला 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणतात. प्रोग्राममध्ये बदल केल्यावर पूर्वी नीट चालणारे काही बिघडले नाही ना, हे पाहण्यासाठी जुन्या चाचण्या पुन्हा घेतात. ही 'रिग्रेशन' चाचणी. बांधणी आणि चाचणी ही दोन्ही कामे आता संगणकाकडूनच आपोआप करून घेतात.

आपण निकालपत्रक करणारा प्रोग्राम घेऊ. उत्तीर्णतेचे गुण एका फायलीत आहेत, श्रेणी ठरवणारी फाईल ते वापरते. आपण ३५ चे ४० केले. पण श्रेणीची फाईल या आकड्यावर अवलंबून आहे, याची नोंदच बांधणीच्या यादीत नसेल तर? तिचे नवे भाषांतर होत नाही, जुना तुकडाच जोडला जातो. ३७ गुणांचा विद्यार्थी उत्तीर्ण ठरतो आणि चाचणी फसते. श्रेणीची फाईल कितीही वाचली तरी तीत चूक सापडत नाही. याउलट, जुन्या तुकड्यामुळे चाचणी खोटीच यशस्वी झाली, तर ते अधिक घातक.

बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अशीच वाया गेली. चूक दुरुस्त झाली होती, फक्त ती फाईल पुन्हा भाषांतरित केलेली नव्हती! त्यातूनच १९७६ साली त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन तयार केले. काय कशावर अवलंबून आहे याची यादी त्याला द्यायची. मूळ फाईल तयार तुकड्यापेक्षा नंतर बदललेली असेल, तर 'मेक' तेवढाच भाग पुन्हा बांधतो. मात्र यादी अपुरी असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

दुसरे कारण उसन्या तुकड्यांचे. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभर अनेक प्रोग्रामांची बांधणी थांबली. त्या प्रोग्रामांत एक अक्षरही बदललेले नव्हते. तुकडा नाहीसा न होता नुसती आवृत्ती बदलली तरी घोटाळा होतो. युनिकोडमध्ये 'ऱ' एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. उसन्या तुकड्याची नवी आवृत्ती दुसरी रीत वापरू लागली, तर 'गोऱ्हे' हे नाव डोळ्यांना तेच दिसते, पण चिन्हे जशीच्या तशी ताडून पाहणारी चाचणी 'नावे वेगळी' म्हणते.

मग शोध कोणत्या क्रमाने घ्यावा? प्रथम बांधणी पुरी झाली का ते पाहावे. ती अडली असेल तर नोंदीतली पहिली चूक वाचावी. पुढच्या चुका बहुधा तिच्यातूनच निघालेल्या असतात. मग सर्व जुने तुकडे पुसून पहिल्यापासून बांधावे. आता चाचणी यशस्वी झाली, तर यादीत काहीतरी सुटले आहे. ते शोधून नोंदवल्याशिवाय थांबू नये, नाहीतर दोष परत येईल. तरीही चाचणी फसत असेल, तर ती शेवटची यशस्वी झाली त्या दिवशीच्या आणि आजच्या आवृत्त्या ताडून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. हे सारे झाल्यावरच प्रोग्रामला दोष द्यावा.

वर्गात हे संगणकाशिवायही करता येईल. गुणयादी, बेरीज, श्रेणी, गुणानुक्रम आणि निकालपत्रक यांतले काय कशावर अवलंबून आहे, ते बाणांनी दाखवायला सांगा. मग विचारा : एका विद्यार्थ्याचा गणिताचा एक गुण वाढला, तर कोणते कागद पुन्हा लिहावे लागतील? इतर विद्यार्थ्यांच्या गुणानुक्रमाचा बाण किती जण विसरतात, ते पाहा.