'श्वास' : खचलेल्या मनाला लाभलेला एक दिवस

डॉक्टरांच्या स्मरणिकेत चित्रपटावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु बडोदेकरांना तरी तसे वाटण्याचे कारण नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी आपल्या याच नगरीतील, सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या कलाभवनात छायाचित्रणाचे व मुद्रणाशी निगडित कलांचे धडे घेतले, आणि पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. तेव्हा चित्रपट हा आपल्या घरचाच विषय म्हणावयास हरकत नाही. शिवाय ज्या चित्रपटाविषयी मी लिहिणार आहे, त्याचे बरेचसे कथानक रुग्णालयात घडते आणि त्यातील रुग्ण एक लहान मुलगा आहे. बालरोगतज्ज्ञाला यापरते निमित्त कोणते हवे?

निराशेच्या गर्तेतून जगण्याची उमेद पुन्हा कशी गवसते, हा विषय मराठी चित्रपटाला नवा नाही. १९३५ साली आलेल्या 'देवदास'ने प्रेमभंगानंतर मद्यात बुडून मरणाला जवळ करणारा नायक देशभर लोकप्रिय केला. त्याला जणू उत्तर म्हणून प्रभात फिल्म कंपनीने १९३९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'माणूस' सादर केला. हिंदीत तो 'आदमी' या नावाने आला. शाहू मोडक यांनी रंगविलेला पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची मैना आजही जुन्या रसिकांच्या स्मरणात आहेत. मैना खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात जाते. गणपत आतून उद्ध्वस्त होतो, पण अखेरीस जगण्याकडे वळतो. प्रेम गेले तरी कर्तव्य उरते आणि माणूस जगण्यासाठीच जन्मला आहे, हा त्या चित्रपटाचा बोध.

मात्र 'माणूस'मधील निराशा आणि उमेद या दोन्ही एका प्रौढ माणसाच्या स्वतःच्या आहेत. कोसळतो तोच आणि सावरतो तोच. लहान मुलाच्या बाबतीत तसे होत नाही. आजारी मुलाच्या जगण्याचा निर्णय त्याच्या वडीलधाऱ्यांच्या हाती असतो. ते खचले तर मूल बरे होण्याजोगे असूनही गमवावे लागते. म्हणूनच 'श्वास' हा चित्रपट मला 'माणूस'च्याही पुढचा प्रश्न विचारणारा वाटतो.

कथा आणि तिचे यश

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' २००४ साली प्रदर्शित झाला. त्याचा आधार माधवी घारपुरे यांची कथा. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. परशुरामची भूमिका करणाऱ्या अश्विन चितळे या मुलाला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही 'श्वास'चीच निवड झाली, आणि तेथील प्रसिद्धीचा खर्च पेलावा म्हणून सामान्य मराठी माणसांनी यथाशक्ति हातभार लावला. ज्या काळात मराठी चित्रपट संपला असे म्हटले जाई, त्या काळात या छोट्या चित्रपटाने मराठी चित्रसृष्टीतही नवा श्वास भरला.

कथानक साधे आहे. कोकणातील एक आजोबा (अरुण नलावडे) आपल्या नातवाला, परशुरामला, डोळ्यांच्या तक्रारीसाठी शहरात आणतात. डॉ. साने (संदीप कुलकर्णी) तपासणी करून दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे निदान करतात. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. न केली तर जीवच जाईल. रुग्णालयातील समाजसेविका आसावरी (अमृता सुभाष) या हादरलेल्या आजोबांना आधार देते. मुलाला सत्य सांगितल्याविना शस्त्रक्रिया करता येणार नाही, ही त्यातली सर्वांत अवघड अट. ते सांगितले जाते. मुलगा आधी चिडतो, मग अबोल होतो. ऐनवेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा व नातू रुग्णालयातून नाहीसे होतात. सगळीकडे शोधाशोध सुरू होते. आजोबांनी नातवाला शहरात फिरावयास नेलेले असते. दृष्टी आहे तोवर त्याने डोळे भरून जग पाहून घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा. डॉक्टर संतापतात, पण आजोबांची बाजू ऐकल्यावर त्यांनाही ती उमगते. शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम गावी परततो.

निराशा हेही मृत्यूचे कारण

वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी या रोगाविषयी थोडे लिहितो. रेटिनोब्लास्टोमा हा बाळाच्या डोळ्याच्या आतील पडद्याचा कर्करोग. साधारणपणे १५ ते २० हजार जिवंत जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेकदा वयाच्या पाचव्या वर्षाआधीच प्रकट होतो. सुमारे एकतृतीयांश मुलांत दोन्ही डोळे ग्रासले जातात. तेराव्या गुणसूत्रावरील आरबी १ या जनुकातील बिघाड हे त्याचे मूळ. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली याच रोगाचा अभ्यास करून जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर गाठ उद्भवते हा सिद्धांत मांडला, आणि सर्वच कर्करोगांच्या आकलनाची दिशा बदलली. बाहुलीत दिसणारी पांढरी झाक, मांजराच्या डोळ्यासारखी चमक, किंवा नव्याने आलेला तिरळेपणा ही त्याची लक्षणे. पुष्कळदा ती प्रथम आईलाच दिसतात. फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसला, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

हा रोग वेळेवर सापडला तर बरा होणाऱ्या बालकर्करोगांत अग्रभागी आहे. सधन देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुरू केलेल्या बालकर्करोग उपक्रमात जे सहा निर्देशक कर्करोग निवडले, त्यांत याचा समावेश आहे. आपल्यासारख्या देशांत मात्र अनेक मुले दगावतात. उशिरा निदान हे एक कारण झाले. दुसरे कारण आपण कमी वेळा बोलून दाखवतो. निदान होऊनही कुटुंब उपचार नाकारते. डोळा काढावा लागेल हे ऐकताच मुलाला उचलून घरी नेले जाते. कोणी अंगारा-धुपारा करते, कोणी दुसऱ्या शहरात दुसरे मत विचारते, कोणी नुसतेच बसून राहते. काही महिन्यांनी तेच मूल परत येते, तेव्हा रोग डोळ्याबाहेर गेलेला असतो.

आपल्या सयाजी रुग्णालयात डभोई, पादरा, छोटाउदेपूर, इतकेच काय मध्य प्रदेशाच्या सीमेवरून अलीराजपूरकडूनही मुले येतात. सोबत बहुधा एखादी आजी किंवा आजोबा असतात. गंभीर निदान कानी पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारी शून्यता बडोद्यातील प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाची आहे. "साहेब, आंख काढवी ज पडशे?" या प्रश्नात माहितीची मागणी फार थोडी असते. आंधळ्या मुलाला जगवून काय करायचे, हा खरा प्रश्न असतो आणि तो उच्चारला जात नाही. त्याचे उत्तर कोणी दिले नाही, तर मूल हातचे जाते. निराशा ही येथे केवळ मनाची अवस्था राहत नाही. तिची नोंद मृत्यूच्या दाखल्यावर होत नसली तरी ती मृत्यूचे कारण ठरते.

सत्य सांगण्याचे औषध

'श्वास'मधील आजोबा या टोकापर्यंत जाऊन परत कसे फिरतात? रोग बरा होऊन दृष्टी राहील, अशी खोटी आशा त्यांना कोणी दाखवीत नाही. त्यांना स्पष्ट सत्य सांगितले जाते, पुन्हा पुन्हा सांगितले जाते, आणि ते पचेपर्यंत आसावरी त्यांच्याजवळ थांबते. आपल्या शिक्षणात निदानावर जेवढा भर असतो, तेवढा या थांबण्यावर नसतो.

त्याहून धाडसी गोष्ट मुलाला सांगण्याची. बारा वर्षांखालील मुलावरील उपचारासाठी कायद्याला पालकांची संमती पुरते. आपल्या समाजात तर मुलाला काही कळू न देणे हीच माया समजली जाते. परंतु मुलांना कळतेच. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांचा रुग्णालयात राहून अभ्यास केला आणि तो १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कोणी न सांगताही मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य समजले होते. मोठ्यांना दुःख होऊ नये म्हणून ती न समजल्याचे भासवीत होती, असे तिला आढळले. 'श्वास' आला त्याच वर्षी, २००४ मध्ये, स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पालकांपैकी ६९ जणांना मात्र बोललो नाही याची खंत होती.

परशुरामला मृत्यूविषयी नव्हे, अंधत्वाविषयी सांगावयाचे होते. पण तत्त्व तेच. न सांगता शस्त्रक्रिया झाली असती, तर पट्टी सुटल्यावर त्याने दृष्टीबरोबर आजोबांवरील विश्वासही गमावला असता. आणि यापुढे ज्याचा हात धरून चालावयाचे, त्याच्यावरच विश्वास उरला नाही, तर त्या मुलाने जगावे कशाच्या बळावर?

तो एक दिवस

आता आजोबांच्या पलायनाविषयी. डॉक्टर म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया चित्रपटातील डॉ. सान्यांसारखीच होती. भरती असलेला रुग्ण न सांगता जातो, हे कोणत्याही रुग्णालयाला परवडणारे नाही. कर्करोगाच्या उपचारात दिरंगाई नको, हेही खरे. तरीही या प्रसंगाचा अर्थ नियमभंगापुरता नाही. तोवर आजोबा केवळ ऐकणारे होते. तपासण्या दुसऱ्यांच्या, निर्णय दुसऱ्यांचा, शब्ददेखील दुसऱ्यांचे. त्या दिवशी प्रथमच त्यांना स्वतःला करता येण्याजोगे काही सापडले. नातवाचे डोळे ते वाचवू शकत नव्हते, पण ते डोळे भरून देऊ शकत होते. हताश माणसाला धीराच्या चार शब्दांपेक्षा हाताला काम अधिक उपयोगी पडते. 'माणूस'मधला गणपत कर्तव्याकडे वळतो तोही याच न्यायाने.

मुलाच्या बाजूनेही पाहावे. लहान मुलाला 'आयुष्यभर' या शब्दाचा अर्थ फारसा समजत नाही. त्याचे जगणे आजच्या दिवसात सामावलेले असते. मोठी माणसे भविष्याच्या भीतीने खचतात. मूल खचते ते आजूबाजूच्या माणसांनी बोलणे, हसणे, खेळणे थांबविल्यामुळे. तो दिवस परशुरामला त्याची माणसे परत देतो.

या चित्रपटाविषयी एकदोन गोष्टी प्रामाणिकपणे नमूद कराव्यात. गेल्या दोन दशकांत उपचार पुष्कळ पुढे गेले आहेत. केमोथेरपी, लेसर, शीत उपचार, डोळ्याच्या रोहिणीतून थेट दिले जाणारे औषध यांमुळे आज अनेक डोळे, आणि काही वेळा दृष्टीही, वाचविता येते. तेव्हा 'श्वास' पाहून या रोगात दोन्ही डोळे जाणारच, असा समज कोणी करून घेऊ नये. दुसरे म्हणजे, चित्रपट संपतो तेथे मुलाचे खरे आयुष्य सुरू होते. पांढरी काठी, ब्रेल लिपी, संगणकावरील बोलणारी आज्ञावली, शाळेतील प्रवेश, भावंडांची नेत्रतपासणी आणि आनुवंशिक सल्ला ही पुढची वाट दाखविणे हेही आपलेच काम आहे. दृष्टिहीन व्यक्ती आज वकील, प्राध्यापक, प्रशासकीय अधिकारी म्हणून काम करीत आहेत, हे त्या आजोबांना पहिल्याच भेटीत कळले, तर न उच्चारलेल्या त्या प्रश्नाला अर्धे उत्तर तेथेच मिळते.

आपल्या मंडळींना माझी विनंती साधी आहे. लसीकरणासाठी आलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत ऑफ्थॅल्मोस्कोपचा प्रकाश टाकून लाल परावर्तन पाहावे. त्यास एक मिनिटही लागत नाही. डोळ्यात काही चमकते असे आई म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवून बाळाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. आणि कठीण निदान सांगावयाची वेळ आली, तर ते उभ्या उभ्या, दाराशी सांगू नये. खुर्ची ओढून बसावे, आजी-आजोबांनाही बसवावे, मूल समजत्या वयाचे असेल तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून तेच पुन्हा सांगावे. उपचाराच्या वेळापत्रकात बसत असेल, तर त्या कुटुंबाला एखादा दिवस रीतसर मोकळाही द्यावा, म्हणजे कोणाला पळून जावे लागणार नाही.

शस्त्रक्रिया मुलाचा जीव वाचविते. परंतु तो जीव शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणण्याचे बळ त्याच्या माणसांत यावे लागते, आणि त्या बळाची सुरुवात पुष्कळदा आपल्या टेबलाच्या पलीकडे ठेवलेल्या खुर्चीतून होते. ती खुर्ची कधी रिकामी ठेवू नये, एवढेच.