स्पॅनिश घोडा: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत घर, गाडी, मुलांचं कॉलेज आणि निवृत्तीनंतरची पुंजी या चार विषयांवर कोणीही कोणाला तासभर सल्ला देऊ शकतं. घोड्याचा विषय निघाला की मात्र लोक आधी हसतात, मग "वरातीसाठी घेतलाय का?" असं विचारतात. नंतर जेवणाच्या रांगेत हळूच बाजूला घेऊन म्हणतात, "आमची मुलगीपण दोन वर्षं मागे लागली आहे. खरंच झेपतं का हो?" हा प्रश्न आता इतक्या वेळा आला आहे की एकदाच नीट लिहून काढावं असं ठरवलं. मी पेशानं केमिकल इंजिनिअर आहे, पशुवैद्य नाही. पण पेनसिल्व्हेनियात राहून स्पेनहून घोडा आणण्याचा आणि गेली अनेक वर्षं तो सांभाळण्याचा अनुभव गाठीशी आहे. त्यातून जे समजलं ते पुढे देतो.

प्रथम नावाचा घोळ. अमेरिकेत ज्याला सरसकट 'अँडलुझियन' म्हणतात, त्याचं स्पेनमधलं अधिकृत नाव 'पुरा रासा एस्पान्योला', म्हणजे शुद्ध स्पॅनिश वंश. त्याची आद्याक्षरं पी.आर.ई. या वंशाची नोंदवही १९१२ साली सुरू झाली. बरीच वर्षं ती स्पेनच्या लष्कराच्या अश्वपैदास खात्याकडे होती. २००७ पासून ती ए.एन.सी.सी.ई. ही पैदासकारांची राष्ट्रीय संघटना सांभाळते. दर नोव्हेंबरात सेव्हिल शहरात याच संघटनेचं मोठं अश्वप्रदर्शन भरतं. आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तसंच तिथलं वातावरण. फरक एवढाच की तिथं प्रत्येक घोड्याबरोबर कागदांची चळतही असते. जाहिरातीत 'अँडलुझियन' लिहिलेला घोडा पी.आर.ई. असेलच असं नाही. पोर्तुगालचा लुसितानो हा त्याचा जवळचा भाऊबंद, आणि दोन्हींचा संकरही अमेरिकेत चालतो. तो घोडा वाईट असतो असं नाही, पण किंमत पी.आर.ई.ची आणि कागद दुसरेच, असा व्यवहार होऊ देऊ नये.

या घोड्याचं आणि अमेरिकेचं नातं जुनं आहे. कोलंबसानं १४९३ च्या दुसऱ्या सफरीत घोडे आणले, १५१९ साली कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोत उतरला, आणि पश्चिमेकडच्या माळरानांवरच्या मस्टँग घोड्यांत तेच स्पॅनिश रक्त आहे. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजांनी भीमा नदीच्या खोऱ्यातल्या काटक भीमथडी तट्टांवर बसून हिंदुस्थान पालथा घातला. भीमथडी घोडा चपळाईसाठी आणि अंतर काटण्यासाठी; स्पॅनिश घोडा राजेलोकांच्या रिंगणासाठी. दुसऱ्या फिलिप राजानं सोळाव्या शतकात कोर्दोबाला शाही पागा उभारली ती त्यासाठीच. गोल मान, रुंद छाती, लांब आयाळ आणि जागच्या जागी पाय उचलून नाचण्याची उपजत हौस. उंची साधारण १५ ते १६ हात. घोड्याचा हात चार इंचांचा असतो. स्वभाव बहुधा शहाणा आणि माणसाळलेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एवेन्तो नावाच्या पी.आर.ई. घोड्यानं ड्रेसाज या प्रकारात नाव कमावलं आणि इथल्या हौशी स्वारांचं लक्ष या वंशाकडे वळलं.

आता खरेदीकडे येऊ. इथं जन्मलेले उत्तम पी.आर.ई. घोडे अमेरिकेत विकत मिळतात, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यानं आधी तेच पाहावेत हे माझं स्पष्ट मत. स्पेनमध्ये निवड मोठी असते आणि शिकवून तयार केलेला घोडा तुलनेनं स्वस्त पडतो, म्हणून लोक तिकडे वळतात. आम्हीही वळलो. पण तिथली किंमत ही पूर्ण किंमत नव्हे. आमच्या वेळी विमान, क्वारंटाइन आणि ट्रक मिळून दहा हजार डॉलर्सच्या घरात खर्च आला.

घोडा पसंत पडला की तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, कागद. प्रत्येक पी.आर.ई. घोड्याला पासपोर्ट असतो, अंगात मायक्रोचिप असते आणि आईबाप कोण हे डीएनएवरून ठरलेलं असतं. चिपचा नंबर आपल्या डोळ्यांसमोर यंत्रानं वाचून पासपोर्टशी ताडून घ्यावा, आणि नोंदवहीत मालकी आपल्या नावावर चढवणं हा सौद्याचाच भाग आहे हे आधी लिहून घ्यावं. दुसरी, खरेदीपूर्व वैद्यकीय तपासणी. पशुवैद्य आपण नेमलेला असावा, विकणाऱ्याचा नव्हे. पायांचे एक्स-रे, डोळे, हृदय, सांधे वाकवून केलेली चालीची तपासणी आणि वेदनाशामक औषध दिलेलं नाही ना यासाठी रक्ताचा नमुना, एवढं हवंच. एक्स-रे आता संगणकावरून येतात, ते इथल्या आपल्या डॉक्टरांनाही दाखवावेत.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि नेमकं इथंच घोडं पेंड खातं. अमेरिकेत उतरलेल्या प्रत्येक परदेशी घोड्याचं रक्त यूएसडीए तपासतं. दूरीन, ग्लँडर्स, इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया आणि पायरोप्लाज्मोसिस असे हे चार रोग. त्यातला शेवटचा गोचिडांमुळे होतो, आणि स्पेनच्या उबदार हवेत गोचिडांना तोटा नाही. एकदा लागण झालेला घोडा दिसायला ठणठणीत असतो, पण त्याच्या रक्तात जंतू राहू शकतात. असा घोडा अमेरिका घेत नाही. तो मालकाच्या खर्चानं परत जातो. म्हणून पैसे देण्याआधी, स्पेनमध्येच, या रोगाची चाचणी करून घ्यावी.

आमच्या मुलीनं पसंत केलेल्या पहिल्या घोड्याची ही चाचणी पॉझिटिव्ह आली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तीन दिवस त्याच्यावर बसून आली होती आणि मनानं तो घरी आणूनही झाला होता. एका मध्यस्थानं सुचवलं की औषधाचा कोर्स देऊ, काही महिन्यांनी चाचणी निगेटिव्ह येईल, मग पाठवू. आमच्या पशुवैद्यानं सांगितलं की औषधानं चाचणी तात्पुरती फसवता येते, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर ती पुन्हा उलटू शकते. शिवाय रोग दडवून घोडा आणायचा म्हणजे इथल्या शेजारच्या पागांतल्या घोड्यांना धोका. आम्ही नाही म्हटलं. मुलगी दोन दिवस जेवली नाही, पण निर्णय तिनंही मान्य केला. मला वाटतं, घोडा सांभाळायला ती लायक आहे हे मला त्या दिवशी कळलं. चार महिन्यांनी दुसरा घोडा मिळाला. २००९ चा जन्म, सहा वर्षांचा, राखाडी, खच्ची केलेला.

खच्ची केलेला, हे मुद्दाम सांगतो. सी.ई.एम. हा घोड्यांचा एक लैंगिक संसर्ग आहे, आणि ज्या देशांतून येताना त्याची खबरदारी घ्यावी लागते त्यांत स्पेन आहे. त्यामुळे दोन वर्षांवरचा वळू घोडा किंवा घोडी आणली तर नेहमीच्या साधारण तीन दिवसांच्या सरकारी क्वारंटाइननंतर त्यांना आणखी एका मान्यताप्राप्त ठिकाणी ठेवतात. घोडीला पंधरा दिवसांच्या आसपास, वळू घोड्याला महिन्याहून अधिक, कारण त्याच्या चाचणीत दोन घोड्यांशी संयोगही घडवावा लागतो. खच्ची घोड्याला ही दुसरी पायरी नाही. हजारो डॉलर्स वाचतात आणि घरातल्या मुलांसाठी असा घोडा अधिक सुरक्षितही असतो. आमचा घोडा न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या केंद्रात उतरला, रक्ताचे नमुने आयोवातल्या एम्सच्या प्रयोगशाळेत गेले, आणि चौथ्या दिवशी ट्रकनं तो आमच्या गावच्या पागेत आला. परवाना, विमान, आयात कर ही सगळी कामं अनुभवी आयात-एजंटकडेच द्यावीत. नियम आणि कर बदलत असतात.

आता सांभाळण्याकडे वळू. माझ्या लहानपणी साताऱ्याला स्टँडबाहेर टांगे उभे असत. खरारा, तोबरा, चंदी, नालबंद हे शब्द तिथलेच. त्या टांग्याच्या घोड्यांना पोटभर मिळत नसे. इथं अडचण नेमकी उलटी आहे. स्पॅनिश घोडा थोड्या खाण्यावर अंग धरणारा. कोरड्या डोंगरउतारावरच्या गवतावर वाढलेल्या पिढ्यांचं ते शरीर. त्याला पेनसिल्व्हेनियाच्या हिरव्यागार कुरणात सोडलं की साखर चढते, इन्शुलिनचं गणित बिघडतं आणि लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आतल्या नाजूक पडद्यांना सूज येते. प्रकरण हाताबाहेर गेलं तर घोडा उभा राहू शकत नाही आणि त्याला मरण द्यावं लागतं. ज्यांच्या घरोघरी मधुमेह आहे अशा आपल्या लोकांना हे अधिक उलगडून सांगायला नको.

साधारण हिशेब असा. ४५० ते ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते दहा किलो सुकं गवत लागतं. त्या गवताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातली साखर आणि स्टार्च मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत आहे ना हे पाहावं. जास्त असेल तर गवत पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून द्यावं. चंदी जवळजवळ नकोच. क्षार आणि जीवनसत्त्वांची मुठभर पूड पुरते. वसंतात कुरणात सोडताना तोंडाला जाळी बांधावी. मानेवरची चरबी घट्ट आणि टणक झाली की तो ऐटबाज बांधा नसून धोक्याची घंटा आहे असं समजावं. पाहुण्यांनाही सांगून ठेवावं. आपल्याकडे आग्रह करून वाढण्याची पद्धत. गूळ, सफरचंदं, लाडू घेऊन लोक पागेत येतात. आमच्या दारावर मराठीत पाटी आहे: "कृपया काहीही भरवू नये. प्रेम हातानं करावं."

बाकीची देखभाल सगळ्याच घोड्यांसारखी. स्वच्छ पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, थंडीत गोठणार नाही अशा भांड्यात, कारण पाणी कमी प्यायल्यानं पोटशूळ होतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. वर्षातून एकदा दात घासून घेणं. धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाइल आणि मेंदूज्वराच्या लशी. जंताचं औषध शेण तपासून, गरजेपुरतंच. रोज खरारा, आयाळीची सैल वेणी आणि रोज फिरवणं. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर इथंही तेच आहे.

एक गोष्ट खास राखाडी घोड्यांची. ते जन्मतात काळपट आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की ज्या जनुकीय बदलामुळे हे होतं, त्याचमुळे त्वचेवर मेलॅनोमाच्या गाठीही येतात. पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांपैकी बहुतेकांना त्या होतात. बऱ्याचशा वर्षानुवर्षं संथ राहतात, काही पसरतात. आमच्या घोड्याच्या शेपटीखाली चौदाव्या वर्षी हरभऱ्याएवढ्या दोन गाठी दिसल्या. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या मोजपट्टीनं मोजतो आणि वहीत लिहितो. अजून वाढलेल्या नाहीत.

मी मोजतो, कारण मुलगी आता दुसऱ्या राज्यात नोकरी करते. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून शेवटी ठेवला. घोडा पंचवीस वर्षं जगतो, कधी तिशीही गाठतो. सोळा वर्षांच्या मुलीचा हट्ट दोन वर्षांत कॉलेजला जातो, घोडा मागेच राहतो. आमच्या भागात पागेचं भाडं महिन्याला शेकडो डॉलर्स, चांगल्या ठिकाणी हजाराच्या वर. पोटशूळाच्या शस्त्रक्रियेला दहा हजार किंवा अधिक लागू शकतात. विमा असतो, पण घोड्याचं वय वाढलं की तो आखडता हात घेतो. आणि म्हातारा, आजारी घोडा सहसा कोणी विकत घेत नाही. लिलावात गेलेल्या घोड्यांपैकी कित्येक सीमेपलीकडच्या कत्तलखान्यात पोचतात, हेही कडू सत्य आहे.

म्हणून घेण्याआधी घरात एक बैठक घ्यावी. मुलगी किंवा मुलगा गेल्यावर घोडा कोणाचा, नोकरी गेली तर भाडं कुठून, आणि वेदना असह्य झाल्या तर शेवटचा निर्णय कोण घेणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. उत्तरं मिळत नसतील तर घोडा भाड्यानं, म्हणजे लीजवर घ्यावा. आनंद बराचसा तोच मिळतो. उत्तरं मिळाली तर खुशाल घ्यावा. आमच्या कागदावर पहिल्या प्रश्नापुढे मुलीनं स्वतःच्या अक्षरात 'बाबा' असं लिहिलं होतं आणि मी खाली सही केली होती. निवृत्तीनंतर सकाळी सहाला उठून बर्फातून पागेत जाण्याचं कारण मला त्या सहीनंच दिलं, आणि डॉक्टर म्हणतात माझी स्वतःची साखरही त्यामुळेच आटोक्यात आहे.