जमिनीलगत चालणारी जुनी पिकअप

गाडी जितकी उंच तितका मालकाचा रुबाब मोठा, अशी आपल्याकडे साधारण समजूत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांनी नेमकी उलटी रीत पाडली. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील तरुण कामगार जुन्या शेव्हरोले गाड्या विकत घेऊ लागले. डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंग कापून ते गाडी जमिनीलगत आणीत आणि सुट्टीच्या संध्याकाळी रस्त्याने मुद्दाम सावकाश नेत. इतरांच्या गाड्या वेगासाठी होत्या. यांची गाडी लोकांनी पाहावी म्हणून होती. अशा गाडीला ‘लोरायडर’ म्हणतात. कित्येक घरांत ती बापाकडून मुलाकडे, मुलीकडे जाते.

सन १९५८ मध्ये राज्याने कायदा केला. गाडीत बदल करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणता येणार नाही, असे त्यात होते. कायद्यात कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. पण रस्त्यात गाडी कोणाची अडवली जाई, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला हवे काय? यावर रॉन अगीरे या तरुणाने १९५९ च्या सुमारास तोड काढली. विमानांतून निघालेले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह त्याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसविले. बटण दाबले की गाडी खाली, पुन्हा दाबले की कायद्याच्या उंचीवर!

पुढे १९८० च्या दशकात शहरांना रस्त्यावर सावकाश फेऱ्या मारण्यावरच बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. या दोन्ही गोष्टी उठविणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. म्हणजे उंचीचा तो नियम पासष्ट वर्षे टिकला!

या बंदीत पिकअपही सापडत होती. बंदी सहा हजार पौंडांच्या आतील व्यापारी वाहनांनाही लागू होती आणि कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी व्यापारी वाहन म्हणूनच होते. बागकाम, बांधकाम, सामानाची ने-आण करणाऱ्याची ही गाडी. त्यातही १९७३ ते १९८७ या काळातील शेव्हरोले सी-१० हिला आजही मोठी मागणी आहे. ती खाली आणायची कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

घाईचा मार्ग म्हणजे पुढची कॉइल स्प्रिंग कापणे किंवा गॅसने तापवून बसविणे. तो घातक आहे. तापविलेल्या पोलादाचा ताव जातो. कापलेली स्प्रिंग कडक होते, चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आदळते. आर्म तिरपे होऊन टायर आतल्या कडेने झिजतो तो वेगळाच.

जाणता मिस्त्री स्टब बदलतो. चाक ज्या दांड्यावर फिरते तो दांडा नव्या स्टबमध्ये सुमारे दोन ते अडीच इंच वर घेतलेला असतो. त्यामुळे स्प्रिंग व आर्म होते तसेच राहतात आणि गाडी मात्र तेवढी खाली येते. मागे कमानपाटे आहेत. मूळ गाडीत ॲक्सल पाट्यांच्या खाली असतो. तो पाट्यांच्या वर घेतला की मागची बाजू पाच-सहा इंच खाली बसते. मग ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून त्या जागी चासी अर्धगोल कापून जाड पट्टीने मजबूत करावी लागते. हे वेल्डिंग शिकाऊ हाताचे काम नव्हे.

पण या सगळ्याच्या आधी पुढचा भाग नवा करायला हवा. चाळीस वर्षांच्या गाडीत आर्मचे रबरी बुश फुटलेले, बॉल जॉइंट सैल, टाय रॉड एंड व आयडलर आर्म खेळणारे असतात. त्यांवर नवा स्टब चढविणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. खोलताना खालच्या आर्मखाली जॅक हवाच. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये इतका जोर असतो की ती सुटली तर माणूस जागीच जायचा. स्प्रिंग साखळीने चासीला बांधून जॅक हळूहळू उतरवावा. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी. ती टाळली तर नवे टायर थोड्याच दिवसांत जातात.

आपल्याकडे मात्र गाडी खाली आणण्याच्या फंदात पडू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. पुढच्या भागाची दुरुस्ती हा बदल नव्हे. आर्म आणि कॉइल स्प्रिंग असलेली जुनी गाडी असेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक उचलावे, वर-खाली धरून हलवावे. खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा हबचे बेअरिंग गेले. मग डावी-उजवीकडे हलवावे. तेव्हाच आवाज आला तर टाय रॉड पाहावा.